अमिनाबीचा अंगठा

मला कुणी विचारलं की बाई, तुम्ही आयुष्यात सगळ्यात हट्टी माणूस कोण पाहिलं, तर मी माझ्या सासूचं नाव घेणार नाही. आणि सासू काही कमी हट्टी नव्हती. मी नाव घेईन आखाडा बाळापूरच्या अमिनाबीचं. बांगडीवाली अमिनाबी, हैदर कलईवाल्याची बायको.

मी पद्माबाई, शाळामास्तरीण. तीस वर्षं पोरींना शिकवलं, त्यामुळे शुद्ध बोलायची सवय लागली. पण ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो, आणि राग आला की माझ्या तोंडात बाळापूर येतं. तेवढं चालवून घ्या.

आमची आणि तिची भिंत एकच. माझे मालक कळमनुरीला तहसिलात कारकून, आठवड्याला घरी यायचे. बाकी दिवस मी, माझ्या वह्या आणि भिंतीपलीकडे अमिनाबी. तेव्हा ती असेल बत्तीस-तेहतीस वर्षांची. सडसडीत बाई. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. बाजाराच्या दिवशी बाळापुरात बसायची, एरवी डोंगरकडा आणि मधली खेडी पायी करायची. "बांगड्याऽ भरा बांगड्याऽ" अशी हाक मारली की गावाच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाला हात धुवायला लागायची.

तिची कारागिरी सांगते. ती कुणाला माप विचारायची नाही. हात हातात घ्यायचा, अंगठ्याने तळव्याची गादी दाबून बघायची आणि सांगायची, "सव्वादोन." नाहीतर, "अडीच. मागल्या वर्साला दोन-सहा व्हतं, सुखी दिसतीस." दोन-सहा म्हणजे सव्वादोन आणि अडीच यांच्या मधलं माप. बारा गावच्या बायकांची मापं तिच्या डोक्यात होती. आणि बांगडी सांध्यावर अडली, आता दुखणार, नेमक्या त्या वेळी ती काहीतरी विचारायची. "सासू बोलती का गं आता?" पोरगी उत्तराला तोंड उघडते न उघडते तोच बांगडी आत.

त्या अंगठ्याचं अजून एक काम होतं. दिवस गेलेली बाई बसली की अमिनाबी तिच्या मनगटावर अंगठा रोवून धरायची. सोडल्यावर तिथे खड्डा राहिला, कणकेत बोट घातल्यावर राहतो तसा, तर म्हणायची, "हे पानी हाये. मीठ कमी कर, नर्सबाईला हात दाखव." खड्डा लगेच भरला तर म्हणायची, "हे अंगाचं हाये, भिऊ नको." हे तिला तिच्या सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने.

बांगड्या भरून झाल्या की वरची एक ती फुकट चढवायची. मग बाई, कोणत्याही घरची असो, बांगडीवालीला वाकून नमस्कार करायची. आमच्याकडे ही रीतच आहे. पाटलाची सून कलईवाल्याच्या बायकोपुढे वाकते, तो एवढाच एक क्षण. अमिनाबी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "खुशाल रहा." या मानावर ती जगत होती. पैसा काय, हैदरच्या कलईतही चार दाणे यायचेच.

चौऱ्याहत्तर साल. हिवाळा संपला तरी तिची शाल उतरेना. होळी झाली. शाळेचे पत्रे तापून कडकड वाजायला लागले, पोरी पाटीने वारा घेऊ लागल्या, आणि ही बाई ओट्यावर शाल गुंडाळून बसलेली.

मी म्हटलं, "काय अमिनाबी, काश्मीरला निघाल्या का?"

ती हसली. पण हसू उशिरा आलं. तिचं सगळंच उशिरा यायला लागलं होतं. काही विचारावं तर आधी नुसती बघत राही, मग बोले. आवाज जाड, घोगरा झाला. गल्लीतली कारटी म्हणायची, "हैदरचाचा बोलून राहिला." तोंड सुजल्यासारखं, डोळ्यांखाली पिशव्या, केस पुंजक्याने जायला लागले. कातडी कोरडी ठाक. खाणं चिमणीचं आणि अंग मात्र वाढतंय. बाजारात टोपलीशी बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. आणि एक दिवस तिने मला माझं माप विचारलं. मला! पाच वर्षं ती माझ्या हातात बांगड्या भरत होती.

बायका म्हणाल्या, धंदा बरा चाललाय, अंगावर आलं. कुणी म्हणालं, आळस भरला. मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "सकाळी उठून जरा चालत जावं अमिनाबी, अंग हलकं होतं." डोक्यावर टोपली घेऊन डोंगरकड्याला पायी जाणाऱ्या बाईला मी, खुर्चीवर बसून शिकवणारी, चालायला सांगत होते. थोबाडीत मारून घ्यावी असं वाटतं मला अजून.

मग पंचाहत्तरच्या मे महिन्यात डोंगरकड्याला उत्तमरावांच्या मुलीचं, चंद्रकलाचं, लग्न निघालं. माझी पहिली नेमणूक डोंगरकड्याची, चंद्रकला माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून मी आदल्या दिवशीच गेले होते. नवरीला हिरवा चुडा भरायला अमिनाबी आली. ओसरीवर पन्नास बायका. अमिनाबीने हात धरला, बांगडी सरकवली आणि ती मोडली.

आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. "वाढली, वाढली," म्हणत बायकांनी सावरून घेतलं. दुसरी घेतली. तीही गेली. अमिनाबीच्या कपाळावर घाम नव्हता. तिला घाम यायचाच बंद झाला होता. बोटं मात्र दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी चालत होती. तिसरी बांगडी मोडली ती नवरीच्या मनगटात घुसली. हळदीच्या हातावर रक्ताची धार लागली.

चंद्रकलाची आई केशरबाई पुढे आली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ऊठ, अमिनाबी."

ती उठली. तिला उठायलाही वेळ लागला. बाळापूरच्या पुनमचंदच्या दुकानातून बांगड्या मागवल्या आणि चुलतीने भरल्या. टोपली डोक्यावर घ्यायला कुणी हात लावला नाही. मीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून कुणी तिला हात देईना. ती दारात आली की बायकांना चूल आठवायची. नागपंचमीच्या आधी तर सगळ्या बायका बांगड्या भरतात. अमिनाबी माझ्याकडे आली. "बाई, हात द्या."

माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो. मी पोरींना शिकवायची की मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असतं, तुम्हाला काही होत नाही. आणि मी माझा हात पदराखाली घेतला. म्हटलं, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी पुनमचंदच्या दुकानात जाऊन भरून आले. तिने भिंतीवरून माझे हात पाहिले. टोपली उचलून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी ती परत आली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. ओट्यावर धपकन बसली, श्वास लागला होता, तो खाली बसू दिला आणि म्हणाली, "बाई, तुमाला लिहिता-वाचता येतं. ह्या बिमारीला नाव असंल. ते मला काढून द्या."

"नाव काढून काय करणार?"

"नाव भेटलं की बायकांना सांगते, मी अपशकुनी न्हाई, आळशी बी न्हाई. आजारी हाये. आजारी माणूस बरं होतं. अपशकुनी होत न्हाई."

मी पुनमचंदच्या बांगड्या पदराने झाकून बसले होते. तिथेच मी ठरवलं की हे आपल्याला करायचं.

डॉक्टर काही तिने कमी पाहिले नव्हते. गावातल्या एकाने रक्त कमी म्हणून लाल बाटली दिली होती, ती तीनदा संपली. आता आम्ही हिंगोली गाठली. एसटीत ती पूर्ण वेळ झोपली. खासगी दवाखाना होता. डॉक्टरांचं नाव घेत नाही, गेले बिचारे. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "सूज आहे. मूत्रपिंडाची तक्रार. मीठ बंद, आणि लघवीच्या गोळ्या देतो."

अमिनाबी म्हणाली, "साब, ही पान्याची सूज न्हाई."

"कशावरून?"

बाकावर एक अवघडलेली बाई नंबराची वाट बघत होती. अमिनाबीने तिला "माफ कर गं" म्हटलं, तिचा पाय धरून घोट्याशी अंगठा दाबला आणि सोडला. खड्डा राहिला. मग स्वतःच्या पायावर दाबला. रबराच्या चेंडूसारखं मांस परत वर आलं. "हे बघा साब. हे पानी. आन् हे माजं. पान्याचं असतं तर खड्डा काहून पडत न्हाई?"

डॉक्टर चिडले. "बाई, डॉक्टर तू का मी?"

"डॉक्टर तुमीच. पर हात मी तुमच्यापेक्षा जास्त धरलेत."

बाहेर काढलं आम्हाला. मी लाजेने अर्धी झाले होते. ती पायरीवर बसून म्हणाली, "बाई, त्यानं खड्ड्याचं उत्तर दिलं का? न्हाई ना? म्हंजे त्याला बी ठाऊक न्हाई. चला, दुसरा बघू."

दुसरा म्हणाला, मनाचं आहे. घरात भांडण होतं का? नवरा मारतो का? हैदर बापडा बायकोच्या वाटेचं पाणी भरत होता तेव्हा. त्या डॉक्टरने शांततेच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन ती दोन दिवस उठलीच नाही. हैदर घाबरून माझ्या दारात आला. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि गोळ्या चुलीत टाकल्या. हैदरने दर्ग्यातून तावीज आणला, तो दंडाला बांधून घेतला. म्हणाली, "तावीज बी बांधते, पर दवाखाना सोडत न्हाई."

तेव्हा मी शाळेतला लांब कागद घेतला आणि म्हटलं, सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. थंडी वाजते. घाम येत नाही. पोट साफ होत नाही. पाळी लांबते आणि मग थांबत नाही. भुवयांची टोकं झडली. इतके दिवस तिच्या तोंडाकडे बघूनही हे मला दिसलं नव्हतं. शेवटी तिने डावा हात पुढे केला. त्यावर सहा बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या, मागेपुढे होत नव्हत्या.

"लिहा. ह्या सव्वादोनच्या. मागल्याच्या मागल्या दिवाळीला घातल्या, तवा ढिल्या व्हत्या. फुडच्या नागपंचमीला उजव्या हातात दोन-सहा घातल्या. आता अडीच बी जात न्हाई. तारखा तुमी टाका."

"या कापून काढू का? रुतल्यात."

"मी बांगडी मोडत न्हाई," ती म्हणाली. "मोडल्या तेवढ्या बास झाल्या."

माझा भाऊ पुंजाजी औरंगाबादला कॉलेजात होता. तो कागद त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: मोठ्या दवाखान्यात मंगळवारी मोठे डॉक्टर बघतात, इथेच घेऊन ये. पण शाळा, पाऊस, तिचं अंथरूण धरणं, यात हिवाळा गेला आणि शहात्तरचा मे उजाडला. आणीबाणीचं ते साल ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको. सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की गावचे पुरुष शेताच्या वाटेने पसार व्हायचे. नसबंदीच्या ठरलेल्या केसेस आणायचा कोटा आम्हा मास्तरांच्या गळ्यात घातलेला. मी कुणाच्या दारात पोरीची गैरहजेरी विचारायला गेले तरी आतून कडी लागायची.

आता मी अमिनाबीला औरंगाबादला नेणार, हे गल्लीत कळलं. संध्याकाळी हैदर माझ्या ओट्याशी उभा. मान खाली. म्हणाला, "बाई, एक इच्यारू का? तुमचा कोटा माज्या घरातून भरून राहिला का?"

माझं डोकं फिरलं. "हैदर! तुझी बायको मरायला टेकली आणि तू माझा कोटा मोजतोस? जीभ कशी उचलली रे तुझी?" अजून बरंच बोलले. ते सगळं इथे सांगत नाही, मी शिक्षिका आहे.

आणि भिंतीपलीकडून तो जाड, घोगरा आवाज आला, एकेक शब्द ओढत: "बाई मला नेत न्हाईत. मी बाईला नेऊन राहिले. सकाळच्या गाडीनं."

सकाळी एसटी स्टँडवर हैदर आला. भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. मग स्वतःचा लोकरीचा स्वेटर काढून बायकोच्या मांडीवर ठेवला. मे महिन्यात! कंडक्टर बघतच राहिला. त्या माणसावरचा माझा राग तिथेच गेला.

नांदेडहून रेल्वेने औरंगाबाद. मंगळवारी सकाळी रांग लावली तर दुपारी नंबर लागला. एका तरुण डॉक्टरने पाहिलं आणि कागदावर लिहायला लागला, "सूज…" अमिनाबीने त्याचं मनगटच धरलं. "साब, दाबून बघा. मग लिहा."

तो पोरगा भला होता. त्याने दाबलं. परत दाबलं. दुसऱ्या पायाला दाबलं. मग उठून आत गेला आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. पिकल्या केसांची, बारीक बाई. तिने अमिनाबीचा गळा चाचपला आणि विचारलं, "उन्हाळ्यात थंडी वाजते का?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"घाम येत नाही? आवाज बदलला? पोट साफ होत नाही?" एकेक प्रश्न म्हणजे आमच्या कागदावरची एकेक ओळ. आणि कागद अजून माझ्या पिशवीत होता! अमिनाबीने माझा दंड घट्ट धरला. "बाई, हिला समदं ठाऊक हाये," म्हणाली आणि रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मीही रडले, खोटं काहून बोलू?

मग डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले, पावलं बाहेर लोंबती ठेवून. टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी मारली. पाऊल उडालं, ते पटकन. पण परत जागेवर येताना हळूऽ हळू आलं, पावसाळ्यात फुगलेलं दार लागतं तसं. "पुन्हा बघा," त्यांनी शिकाऊ पोरांना बोलावून दाखवलं. दहा पोरं गोळा झाली. मी कागद काढून दिला. त्यांनी तो उभ्याने सगळा वाचला, बांगड्यांची मापं दोनदा वाचली. मग पोरांना म्हणाल्या, "निदान पेशंटनेच करून आणलंय. आपल्याकडे फक्त नाव होतं."

नाव होतं थायरॉईड. गळ्यात एक ग्रंथी असते, अंगाची भट्टी पेटती ठेवायचं तिचं काम, तुमची सुस्त झालीय, असं त्यांनी सांगितलं. अमिनाबीने लगेच मान हलवली. "बराबर. भाता बंद पडला की कथील वितळत न्हाई." कलईवाल्याच्या बायकोला यापेक्षा जास्त समजवायला लागलं नाही. रक्त तपासायला मुंबईला गेलं, पण गोळ्या त्यांनी त्याच दिवशी सुरू केल्या. बारक्या, पांढऱ्या. आधी अर्धी, मग वाढवत न्यायची, रोज सकाळी, आणि बरं वाटलं तरी जन्मभर सोडायची नाही.

परतीच्या गाडीत तिने माझ्याकडून कागदाच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात थायरॉईड लिहून घेतलं आणि टोपलीत ठेवायला म्हणून पदराच्या गाठीला बांधलं. गावात उतरलो तर गल्लीतल्या बायकांनी तिला आधी आत नेलं आणि पोटावर टाका आहे का ते तपासलं. नाही म्हटल्यावर माझी अब्रू परत आली.

मुंबईहून रक्ताचा कागदही तेच नाव घेऊन आला. गोळ्यांनी लगेच जादू केली नाही. पहिला महिना काहीच कळेना. हैदर मला चोरून विचारायचा, "बाई, गोळ्या खऱ्या हायेत ना?" श्रावणात तिने शाल घडी करून ठेवली. आवाज थोडा सुटला. मग पोळ्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी वह्या तपासत होते आणि भिंतीपलीकडून बादलीत काहीतरी खळ्ळकन पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ हाक, ती जुनी हाक, वेशीपर्यंत जाणारी: "बाईऽ! सव्वादोन!"

भांडी घासताना त्या सहा बांगड्या आपोआप हातातून निसटून पाण्यात पडल्या होत्या. एकही वाढली नव्हती.

मी पुनमचंदच्या बांगड्या उतरवल्या आणि तिच्या ओट्यावर जाऊन दोन्ही हात पुढे केले. "अमिनाबी, माझं चुकलं. हात देते."

तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "उद्या बघू."

माझं तोंड इतकं पडलं असेल की ती खो खो हसत सुटली. हसू वेळेवर आलं होतं. मग ओढला माझा हात.

पण गावं एवढ्या लवकर विसरत नाहीत. ती टोपलीतला कागद दाखवायची, बायका म्हणायच्या, हे थायराड म्हणजे काय गं? ती सांगायची. ज्यांना पटलं त्यांनी हात दिले. डोंगरकड्याने दिले नाहीत. तिथे ती दर आठवड्याला जायची, हाक मारायची, रिकामी परत यायची. मी म्हटलं, "जाऊ द्या ते गाव." ती म्हणाली, "काहून? माजंच गाव हाये ते."

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात उत्तमरावांचा गडी निरोप घेऊन आला. चंद्रकला बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा लागला होता, ओटी भरायची होती. पोरगी हट्ट धरून बसली होती की बांगड्या भरीन तर अमिनाबीकडूनच. मलाही बोलावणं होतं. अमिनाबीने त्या दिवशी नवं लुगडं नेसलं आणि सकाळची गोळी घेतली की नाही ते दोनदा आठवून पाहिलं.

तीच ओसरी, त्याच बायका. केशरबाई दाराला टेकून उभी, ओठ घट्ट मिटून. चंद्रकलाने हसून हात पुढे केला. अमिनाबीने तो घेतला. आणि माप सांगायच्या ऐवजी मनगटावर अंगठा रोवला. सोडला. खड्डा पडला होता. आम्ही बघत होतो, तो भरतच नव्हता.

"डोकं दुखतं का पोरी?"

"दोन दिवसांपासून. डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

अमिनाबीने बांगड्यांची माळ परत टोपलीत ठेवली. "आज बांगड्या भरत न्हाई मी," ती म्हणाली. "हिला आत्ता नांदेडला न्या."

ओसरीवर कुजबूज सुरू झाली. भरल्या ओटीच्या दिवशी बांगड्या नाकारायच्या? केशरबाई पुढे आली. "पुन्हा अपशकुन करायला आलीस का?"

मला वाटलं, संपलं. दोन वर्षं ज्याच्यासाठी मर मर मेली, ते सगळं ही बाई आपल्या हाताने टाकून देतेय. हिरव्या बांगड्या चढवल्या असत्या, नमस्कार घेतला असता, गाव परत मिळालं असतं. तिलाही हे कळत होतं.

"व्हय, करते अपशकुन," ती म्हणाली. "मला दोन वर्सं समदे म्हनत व्हते, काही न्हाई झालं तुला. मला ठाऊक हाये ते कसं लागतं. ह्या पोरीला काही न्हाई झालं असं मी म्हननार न्हाई. डॉक्टरनं म्हटलं काही न्हाई, तर ही टोपली तुमच्या दारात आपटून फोडा. पर आदी न्या."

कुणी हलेना. मग चंद्रकलाच उठली. "आई, मला जायचंय," म्हणाली. मी तिचा एक हात धरला, अमिनाबीने दुसरा. उत्तमरावांनी सडकेवर जाऊन एक ट्रक थांबवला.

नांदेडच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि तिला तिथेच ठेवून घेतलं. घरी झटके आले असते तर दोन्ही जीव हाती लागले नसते, असं उत्तमरावांना सांगितलं. सतरा दिवसांनी चंद्रकला बाळंत झाली. मुलगी. मूठभर, पण जिवंत, आणि आवाज चांगला.

सव्वा महिन्यानंतर केशरबाई स्वतः बाळापूरला आली. बोलावणं धाडलं नाही, एसटीने आली. अमिनाबीच्या ओट्यावर मांडी घालून बसली, गल्लीच्या देखत. मी भिंतीवरून बघत होते, उगाच कशाला लपवू? केशरबाईने पदर सावरला आणि हात पुढे केला. "डोंगरकड्याला उद्या येच. पण आधी माझ्या हातात भर."

अमिनाबीने हात घेतला. मनगटावर अंगठा दाबला, सोडला. "खड्डा न्हाई. अडीच." हिरवी बांगडी काढली, तळव्याची गादी दाबली, बांगडी सांध्यापाशी आली. तिथे ती अडली. केशरबाईने डोळे मिटून घेतले.

"केशरबाई," अमिनाबीने विचारलं, "माज्यावरचा राग गेला का वो?"

केशरबाईने उत्तराला तोंड उघडलं, आणि बांगडी आत गेली होती.